जवाचं पाणी

माझ्या आईला सरकारनं दारू गाळणारी ठरवलं ते बिबड्यांपायी. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, “बिबडे म्हणजे काय हो?” आबकारीच्या इन्स्पेक्टरनं एवढं एक विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण साहेब लोक विचारत नसतात. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.

ज्यांना ठाऊक नाही आणि तसं म्हणायची लाजही नाही, त्यांच्यासाठी सांगते. आमच्या खानदेशात होळीच्या मागंपुढं ऊन तापायला लागलं की घरोघरच्या बायका ज्वारी कांडून डेऱ्यात भिजत घालतात. दोन-तीन दिवसांत ती आंबते. वर फेस धरतो, आंबूस वास सुटतो. मग ती धुवायची, सावलीला वाळवायची, दळायची आणि त्या पिठात तिखट, तीळ, लसूण घालून चुलीवर घाटा शिजवायचा. ओल्या धोतरावर हातानं पातळ थापून उन्हात वाळवला की झाला बिबडा. भाजून खा, तळून खा, वर्षभर पुरतो. लेकीच्या रुखवतात बिबड्यांची चळत नसली तर बायका तोंडाला पदर लावून हसतात. इतकी साधी गोष्ट आहे ही. यात चोरून करायचं काय आहे?

साल एकोणीसशे बावीस. आमचं गाव धुळे-पारोळा रस्त्याच्या आत, कोसभर. माझा बाप चार वर्षांपूर्वी मानमोडीच्या साथीत गेला होता आणि घरात मी, माझी माय भागाबाई आणि धाकटा काका वना अशी तीनच माणसं होतो. मायचं तोंड गावात प्रसिद्ध होतं. लोक म्हणत, भागाबाईच्या तोंडी लागण्यापेक्षा गांधीलमाशीच्या पोळ्यात हात घातलेला बरा. मी तिच्यावरच गेले आहे, हे वाचता वाचता कळेलच.

मी सतरा वर्षांची झाले होते. त्या काळात सतरा वर्षांची बिनलग्नाची पोर म्हणजे गावाला रोजचा विषय. बाप गेल्यामुळं लग्न लांबलं होतं, पण त्या वर्षी एकदाचं ठरलं. दोंडाईच्याचे रुपचंद पाटील, त्यांचा मुलगा छगन. रुपचंदांची जमीन होती, कापसाच्या जिनात हिस्सा होता. सुपारी फुटली होती, साखरपुड्याचं हिरवं लुगडं पेटीत पडलं होतं, वैशाखातला मुहूर्त काढला होता. छगनला मी पारोळ्याच्या बाजारात पाहिलं होतं. बैल त्याच्या पायावर उभा राहिला तर हा बैलालाच “माफ कर भो” म्हणाला आणि स्वतःशी हसला. तेवढ्यावर तो मला आवडला. आवडला होता, यात लपवायचं काय?

आता वनाकाकाबद्दल सांगते, कारण आग तिथून लागली. काका लढाईत पलटणीबरोबर आफ्रिकेला गेला होता, खेचरं हाकायला. परत आला तो ताप आणि गोष्टी घेऊन. रतिलालच्या दुकानाच्या ओट्यावर संध्याकाळी बसायचं आणि आफ्रिका सांगायची, हा त्याचा उद्योग. सिंह सांगून झाले, नद्या सांगून झाल्या, मग त्यानं बिअर काढली. जर्मन लोक पळून गेले तेव्हा त्यांच्या एका गोदामात बिअरच्या बाटल्यांची रास सापडली. आपल्या गोऱ्या अंमलदारांनी ती काकाच्या खेचरांवर लादली आणि काडतुसांच्या पेट्या मागं राहिल्या. जर्मनाच्या देशात, काका सांगायचा, कारखान्यातल्या मजुरालासुद्धा दुपारच्या भाकरीबरोबर बिअर लागते, आणि बिलायतेत गावोगाव तिची दुकानं असतात, तिथं शेतकरी संध्याकाळी पारावर बसल्यासारखे बसतात. हे सगळं त्याला एका गोऱ्या सार्जंटनं सांगितलं होतं. पण लोकांना जास्त गंमत वाटली ती आफ्रिकेच्या बायकांची.

“तठेन्या बाया जवारी भिजाडतस,” काका सांगायचा. “मोठमोठा डेरास्मा आंबाडतस. मंग बठ्ठा गाव भवते बठस नि लांब लांब नळ्या लाईसन पेस. एकच डेरा नि वीस नळ्या! पोंबे म्हणतस तिले. भाऊस्वन, वास लेवा तं एकदम आमनी वयनीना बिबडास्ना डेरा!”

लोक हसले. त्यात आबकारीचा शिपाई भटू होता, तोही हसला. भटू आमच्याच गावचा. त्याच्या आईनं त्याला बिबड्यांच्या घाट्यावर वाढवला होता, आणि दोन घरं सोडून पलीकडं तो राहायचा.

त्या वर्षी आबकारी खात्याला घाम फुटला होता. दारूच्या दुकानांपुढं पोरं निरोधन करायला, म्हणजे गिऱ्हाईक अडवायला, उभी राहत होती. सभेत तुळशीचं पान हातावर घेऊन लोक दारू सोडल्याच्या शपथा घेत होते. आमचे होणारे व्याही रुपचंद यांनी तर भर सभेत शपथ घेतली होती आणि ती ते भेटेल त्याला ऐकवत होते. दुकानं ओस पडली. वरून इन्स्पेक्टरला विचारणा झाली असणार की खप का घसरला. लोकांनी दारू सोडली, असं सरकारला कसं सांगायचं? सरकारचं पोट त्याच्यावर चालतं. म्हणून इन्स्पेक्टरनं शोध लावला, की लोक दुकानातून घेत नाहीत त्याअर्थी घरी करतात. मग घरी करणारा कुणीतरी सापडायला हवा होता, आणि भटूनं त्याला वनाकाकाची गोष्ट सांगितली. बढतीसाठी सांगितली की नुसती गंमत म्हणून, ते देव जाणे. मला विचाराल तर माणूस गमतीतच जास्त नासधूस करतो.

सकाळी आम्ही अंगणात होतो. दारातून आधी इन्स्पेक्टरचे बूट आत आले, मग इन्स्पेक्टर, मग भटू आणि दोन पंच. इन्स्पेक्टर दूरच्या जिल्ह्यातला, आमच्याकडं नवा. त्यानं नाक वर केलं, वास घेतला आणि सरळ कोपऱ्यातल्या डेऱ्याशी गेला. वरचं फडकं काठीनं बाजूला केलं. फेस आला होता.

“काय आहे हे?”

“जवारी शे,” माय म्हणाली. “बिबडास्नी. तुम्हना घर करतस नही का?”

त्यानं मायकडं पाहिलंसुद्धा नाही. भटूला विचारलं, “वास कसला येतोय?”

“आंबेल शे, साहेब.”

“दारूसारखा येतो की नाही?”

भटूनं खाली पाहिलं. “जी.”

एवढा एक ‘जी’. मायनं हातातलं मुसळ टाकलं आणि त्याच्यापुढं उभी राहिली. “भट्या, मुडद्या! परवा तुनी मायनी मनासंगे जवारी कांडी ना रे! तुना घरमा बी हाऊच डेरा शे! सांग ना साहेबले!”

भटू पंचांमागं सरकला. खरं बोलला असता तर त्याच्याच घरी झडती गेली असती, हे मला आज समजतं. तेव्हा मला फक्त त्याच्या डोक्यात पाटा घालावासा वाटला, आणि खरं सांगायचं तर आजही मत बदललेलं नाही.

पंचनामा झाला. “ज्वारीपासून बेकायदा बिअर” असं लिहिलं. हा शब्द इन्स्पेक्टरला काकाच्या गोष्टीतूनच मिळाला. डेऱ्याच्या तोंडाला फडकं बांधलं, वर चिखल थापला, लाखेचं सील मारलं आणि आमची ज्वारी मुद्देमाल होऊन गाडीत चढली. मायनं तालुक्याच्या रस्त्यापर्यंत त्या गाडीमागं चालत जाऊन इन्स्पेक्टरच्या सात पिढ्या काढल्या. त्याला अर्धं कळलं नसेल, पण स्वर कळला असेल.

त्या दिवशी आमच्या गल्लीत काय झालं ते सांगायलाच हवं. गाडी वळणाआड जाते न जाते तोच बायकांनी आपापले डेरे उपडे केले. कुणी उकिरड्यावर, कुणी म्हशीपुढं. सगळ्या गल्लीत आंबलेल्या ज्वारीचा लोंढा. म्हशींची चंगळ झाली. संध्याकाळी माय घरोघर गेली, की कोर्टात येऊन एवढंच सांगा, बिबडे असेच करतात. बेबाबाईनं दार किलकिलं करून सांगितलं, “आमना घर बिबडा करतच नहीत वं माय.” जी बाई दरवर्षी आमच्याकडून धोतर मागून न्यायची, तिच्या घरी बिबडे करतच नव्हते! मला त्या बायकांचा राग इन्स्पेक्टरपेक्षा जास्त आला. इन्स्पेक्टर परका होता. या आमच्या होत्या.

वनाकाका ओट्यावर जायचा बंद झाला. माय त्याला एक शब्दही बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्यानं तो आणखी वाळला.

आठवडा गेला नाही तोच दोंडाईच्याहून निरोप आला. रुपचंदांचे चुलते झुलालआबा मध्यस्थ होते, तेच घेऊन आले. आबा माणूस गोड, तोंडात सुपारी, बोलणं सुपारीसारखंच कातरून कातरून. म्हणाले, रुपचंदभाऊंनी सगळ्या पंचक्रोशीपुढं दारू सोडल्याची शपथ घेतलेली आहे. दारूच्या खटल्यातल्या घरची मुलगी कशी करायची? लोक शेण घालतील तोंडात. तर तुम्ही कोर्टातून निर्दोष सुटून या, आम्ही दुसऱ्या दिवशी मांडव घालतो. सुटला नाहीत तर मग बघू.

आता सारा डाव एका गोष्टीवर आला. मायला सुटायला हवं होतं. दंड भरून मोकळं होणं कामाचं नव्हतं, निर्दोष म्हणून सुटायला हवं होतं. वकील केला, तर त्यानं पहिल्या भेटीतच सांगितलं, “बाई, कबूल करा. पहिलाच गुन्हा आहे. थोडक्यात सुटाल. नाही म्हणालात तर साहेब चिडतो.”

“मी जे करंच नही ते कबूल करू?” माय म्हणाली. “नि मंग मनी पोरनं लगीन तुम्ही लाई देशात का?”

 वकिलानं पुन्हा थोडक्यात सुटण्याबद्दल सांगितलं. आपल्याकडं शहाणपण म्हणून जे वाटलं जातं त्यातलं निम्मं हेच असतं, की मान खाली घाल आणि थोडक्यात सूट. मी तेव्हाच ठरवलं की असल्या शहाण्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

खटला चालला तो साहेबाच्या कँपात. गोरा असिस्टंट कलेक्टर फिरतीवर होता. आंब्याच्या राईत तंबू ठोकले होते, झाडाखाली टेबल मांडलं होतं, तेच कोर्ट. आम्ही तिथं पोचलो तेव्हा मला पहिलं दिसलं ते साहेबाच्या खुर्चीमागचं झाड. त्याच्या खालच्या फांदीला ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या टांगल्या होत्या आणि एक पट्टेवाला मधूनमधून त्यांच्यावर पाणी शिंपडत होता. वनाकाकानं त्या पाहिल्या. मी विचारलं, “काका, काय शे ते?” त्यानं मान फिरवली. म्हणाला, “बिअर.”

अशा झाडाखाली माझ्या आईवर बिअरचा खटला चालला. मी हे कित्येकदा सांगितलं आहे, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, साहेबाचं वेगळं, ते लायसनची पितात. असेल. माझ्या आईकडं ज्वारी भिजवायचं लायसन नव्हतं, तेवढा तिचा अपराध.

साहेब तरुण होता, लाल झालेला, आणि खरं म्हणजे दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी पचल्या असत्या. भटूची साक्ष झाली. “वास दारूसारखा आला,” असं तो एका दमात म्हणाला आणि आमच्याकडं न बघता बाजूला झाला. मग आमच्या बाजूनं वनाकाका उभा राहिला. त्याला वाटलं होतं, आपण जग पाहिलं आहे, आपण साहेबाला फरक समजावून सांगू. साहेबाचे डोळे आफ्रिकेचं नाव निघताच चमकले. तो शिरस्तेदाराला दुभाष्या करून विचारत गेला आणि काका सांगत गेला. त्या बायका ज्वारी घेतात ना? घेतात. भिजवतात? भिजवतात. डेऱ्यात आंबवतात? हो. वास असाच येतो?  आणि माझा काका, देवाच्या नावानं शपथ घेतलेला, म्हणाला, “व्हय.”

मग त्याला घाई झाली. “पण साहेब, तठे त्या बाया जवारीले मोड आणतस, वाळाडतस, शिजाडतस, नि मंग आंबाडतस. आमन्या बाया मोड येऊ देतस नही. मोड उना तं बिबडा इसकटस. फरक शे साहेब, मोठा फरक शे!”

शिरस्तेदारानं यातलं काय सांगितलं ते मला कळलं नाही. साहेबानं मान हलवली आणि लिहून घेतलं. मग तो खुर्चीत रेलून, आनंदानं, शाळेत मास्तर सांगतात तसं काहीतरी सांगायला लागला. शिरस्तेदारानं आम्हाला मराठीत करून सांगितलं ते असं, की साहेब म्हणतात, त्यांच्या देशातही पूर्वी घरोघर बायकाच बिअर करत. मिसर देशात राजांच्या वेळी करत होते. आफ्रिकेत अजून करतात. जिथं म्हणून धान्य पिकतं तिथं जगाच्या पाठीवर बायकांनी ते आंबवून बिअर केलेली आहे. मग खानदेशातल्याच बायका तेवढ्या करत नसतील, हे साहेबांना पटत नाही.

यावर काय बोलायचं? सगळ्या जगानं केलं, म्हणून माझ्या आईनंही केलं. विद्या असावी ती अशी. हजारो वर्षांचं ज्ञान त्या तरुण माणसानं माझ्या आईच्या अंगावर धोंड्यासारखं टाकलं आणि स्वतःवर खूश झाला.

आणि मग मुद्देमाल पुढं आला. महिनाभर तो कुठल्यातरी कचेरीत, पत्र्याखाली, चैत्राच्या उन्हात पडून होता. मी डेरा पाहताच ओळखलं की आत काहीतरी झालंय. चिखलाला भेगा पडल्या होत्या, फडकं वर फुगलं होतं. पट्टेवाल्यानं सील तोडलं मात्र, आतून फस्स करून फेसाचा उमाळा आला, त्याचा कोट भिजला, टेबलावरचे कागद भिजले. वास असा सुटला की तिथं उभ्या घोड्यानंही तोंड फिरवलं. साहेब उठून आला. त्यानं बोट बुडवलं, जिभेवर लावलं आणि हसला. काहीतरी म्हणाला. शिरस्तेदारानं ते सांगितलं नाही, पण काकाला पलटणीतलं इंग्रजी थोडं येत होतं. काका नंतर म्हणाला, साहेब म्हणाला, ‘वाईट नाही.’

माय पुढं सरसावली. शिपायानं आडवा हात केला, तो तिनं बाजूला सारला.

“साहेब, तुम्हना माणसं लई गयात तव्हय हाई जवारी व्हती. तिसरा दिनले मी ती धुई टाकती. तुम्ही महिनाभर तिनं तोंड बांधीसन ठेवी, तपाडी, सडाडी. आते जे व्हयेल शे ते तुम्ही करेल शे. दारू कोणी करी मंग? मी का सरकारनी?”

 मागं बसलेल्या दोघातिघांच्या तोंडून हसू फुटलं. इन्स्पेक्टरचा चेहरा पडला, कारण मुद्दा त्याला कळला. तो मुद्दा राईतल्या प्रत्येकाला कळला, घोड्यालासुद्धा. साहेबानं शिरस्तेदाराला विचारलं, बाई काय म्हणते? आणि शिरस्तेदार, आमच्याच मुलखातला, कपाळाला गंध लावलेला, बिबडे खाऊन आलेला शिरस्तेदार, इन्स्पेक्टरकडं एकदा बघून तीन-चार शब्द बोलला. काका दातओठ खात मला म्हणाला, “त्यानी सांगं, आरोपी गुन्हा कबूल करस नही. बस. इतलंच सांगं त्यानी.”

माय ओरडत राहिली आणि साहेब लिहीत राहिला. दंड झाला. साहेबानं बाईमाणूस म्हणून दया दाखवली, तुरुंग दिला नाही, आणि ही दया शिरस्तेदारानं दोनदा समजावून सांगितली. डेरा फोडून माल जमिनीत जिरवायचा हुकूम झाला. आम्ही राईतून निघालो तेव्हा पट्टेवाला फांदीवरची एक बाटली सोडवत होता.

घरी येऊन मायनं चूल पेटवली नाही. मी छगनचं नाव मनातून काढायचा प्रयत्न करत होते आणि ते निघत नव्हतं. वनाकाकानं दंड भरला आणि शेतात जाऊन राहिला. बायका विहिरीवर मला वाट द्यायच्या, जशी कुणा बाहेरच्याला देतात.

मग झुलालआबा पुन्हा आले. आम्ही दाराला कडी लावायच्या तयारीत होतो, पण आबा हसतमुखानं आले, पाय धुऊन पाटावर बसले. म्हणाले, रुपचंदभाऊ मोठ्या मनाचे आहेत. लग्न मोडत नाहीत. फक्त एक-दोन गोष्टी.

“मांडवमा तू येवानं नही, भागाबाई. कन्यादान वना करी. लगीन व्हयनं का मंग बी तू दोंडाईचाले याहीना घर येवानं नही. नि रुखवतमा बिबडा ठेवाना नहीत. बस, इतलंच.”

मला वाटलं, आता माय पाट उचलते. पाट नाही तर पाण्याचा तांब्या तरी. तिनं पदर डोक्यावर नीट ओढला आणि जमिनीकडं बघत म्हणाली, “चाली.”

साहेबापुढं जिनं मान वाकवली नाही ती या सुपारीखाऊ म्हाताऱ्यापुढं माझ्यासाठी वाकली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. तरी मी गप्प राहिले. तिनं एवढं गिळलं होतं, ते मी वाया कसं घालवू? आणि छगन होता. मी गप्प राहिले ते त्याच्यासाठीही.

काम फत्ते झालं म्हणून आबा सैल झाले. गूळ-शेंगदाणे खात थाट सांगायला लागले. धुळ्याचं ब्यांड. हत्तीएवढा मांडव. जिनाच्या कामासाठी मोठमोठे साहेब येणार, त्यांना न्यारा तंबू. “मुंबईथीन रेल्वेमा बिअरन्या पेट्या येतीन,” आबा म्हणाले. “दोंडाईचा टेशनवर उतरतीन. रुपचंदभाऊ कसामाच कमी पडाव नही.”

“दारू?” मी विचारलं.

“दारू कशी व्हई वं? बिअर शे ती. जवनं पानी. साहेब लोके आपला ताकसारखी पेतस. दारूले रुपचंदभाऊ हात बी लावाव नही.”

एवढ्यावर माझा बांध फुटला. “आबा, मनी मायले दंड कसाना व्हयना?”

“आते ते कसाले काढस?”

“बिअरना व्हयना. कागदवर बिअरच लिखेल शे. नि आते तुम्हीच सांगं, बिअर म्हणजे दारू नही. मंग मायना गुन्हा काय?”

आबांचा गूळ तोंडात राहिला. “ती जवनी ऱ्हास, पोरी. साहेब लोकेस्नी.”

“नि मायनी जवारीनी! म्हणजे जवनी ती साहेबनी, नि जवारीनी ती चोरनी! तुम्हना तंबूमा ती चालस, मांडवमा मनी माय चालस नही!”

“चूप बठ, कमल,” माय म्हणाली. “मोठा माणूससंगे तोंड लावू नको.”

मी चूप बसले.  आबांनी घसा खाकरला, पोरीची जात, लगाम हवा, असं काहीतरी पुटपुटले. मायनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते पिऊन तांब्या खाली ठेवला तेव्हा तिनं अगदी हळू आवाजात विचारलं.

“झुलालभाऊ, एक सांगा. त्या आबकारीना साहेबले बी आवतण शे का?”

“शे ना!” विषय बदलला म्हणून आबांना हायसं वाटलं. “त्यास्ले तं पयलं आवतण. तुम्हनं प्रकरणसाठे रुपचंदभाऊ त्यास्ले भेटाले गयथात, तठेच दोन्हीस्नी वळख व्हयनी. आते तं पक्की दोस्ती. मांडवमा मव्हरे, सोयरास्मा बठतीन ते.”

माय उठली. आतल्या खोलीत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती हिरवं लुगडं घेऊन बाहेर आली, घडी न मोडता, आणि ते तिनं आबांच्या मांडीवर ठेवलं.

“मंग नवरी बी त्यास्नाच घरनी लई जा म्हणा,” ती म्हणाली.

आबांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.  लुगडं काखोटीला मारून ते निघाले. जोडे पायात घालायलाही थांबले नाहीत, हातात धरून अंगण ओलांडलं.

ते गेल्यावर मी चुलीमागं बसून पोटभर रडले. एवढं बोलले होते, तरी छगनसाठी रडले, खोटं कशाला सांगू? मायनं मला उगी केलं नाही. ती उंबऱ्यात उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, शिव्या देत होती. इन्स्पेक्टरला दिल्या, साहेबाला दिल्या, शिरस्तेदाराला, भटूला, रुपचंदला, दारं लावून बसलेल्या एकेका बाईला नाव घेऊन दिल्या. आणि सगळे संपल्यावर तिनं माझ्या मेलेल्या बापाला शिव्या द्यायला सुरुवात केली, की या एवढ्या लोकांच्या तोंडी तिला एकटीला देऊन तो निघून गेला होता.